सॅम्पल मायक्रोस्कोपवर सांडलं तर: सुरक्षित सफाई कशी करायची

स्लाइड सरकवताना रक्ताचा थेंब स्टेजवर, म्हणजे स्लाइड ठेवायच्या मंचावर, पडतो. कव्हरस्लिपच्या (सॅम्पलवर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडेनं लघवीचा गाळ ओघळतो. फोकस करताना ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह (४० पट मोठं दाखवणारी, स्लाइडजवळची लेन्स) ओल्या स्लाइडला टेकतो. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. नव्या माणसाचा हात तेव्हा बहुधा दोनपैकी एका गोष्टीकडे जातो: जवळचा टिश्यू उचलून पटकन पुसून टाकणं, नाहीतर स्प्रेची बाटली उचलून जंतुनाशक थेट यंत्रावर मारणं. पहिल्यात संसर्गाचा धोका तुम्हाला, आणि लेन्सवर कायमचे ओरखडे. दुसऱ्यात सांडलेलं सॅम्पल जंतुनाशकासोबत वाहत अशा फटींत शिरतं, जिथून ते काढायला अख्खा मायक्रोस्कोप खोलावा लागतो.

दोन्ही टाळता येतं, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो: आधी माणूस, मग वीज, मग जंतू आणि सगळ्यात शेवटी काचेची चमक. हा लेख मुख्यतः नेहमीच्या कॉम्पाउंड लाइट मायक्रोस्कोपसाठी आहे; इन्व्हर्टेड, म्हणजे सॅम्पलकडे खालून बघणाऱ्या, मायक्रोस्कोपबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. तुमच्या लॅबची लेखी कार्यपद्धती असेल तर तिचा शब्द अंतिम माना. मायक्रोस्कोपसोबत आलेली माहितीपुस्तिकाही एकदा उघडून बघा, कारण त्या मॉडेलच्या लेन्सला कोणतं रसायन चालतं हे नेमकं तिथंच लिहिलेलं असतं.

यंत्राला हात लावण्याआधी

काम थांबवा आणि आसपासच्या लोकांना मोठ्यानं सांगा, "इथे सॅम्पल सांडलंय." नव्या लोकांना हे सांगायचा संकोच वाटतो. पण न सांगता उठून सामान आणायला गेलात, तर तेवढ्यात दुसरं कुणीतरी त्याच मायक्रोस्कोपवर येऊन बसतं, त्याच नॉबला हात लावतं.

मग स्वतःकडे बघा. कोटाची बाही, ग्लोव्ह्ज, मनगट, चेहरा. अंगावर उडालं असेल तर आधी तुम्ही, मायक्रोस्कोप नंतर. डोळ्यात उडालं असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून १५ मिनिटं धुवा. फुटलेली स्लाइड बोटाला लागली असेल तर ग्लोव्ह काढून जखम साबण आणि पाण्यानं धुवा. जखम दाबून, पिळून रक्त काढत बसू नका आणि तिच्यावर ब्लीच तर मुळीच ओतू नका. लगेच वरिष्ठांना सांगा आणि त्याच वेळी डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं लागणार असतील, तर ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितका उपयोग जास्त. "ड्यूटी संपल्यावर बघू" हे इथे चालत नाही.

कल्चरची (लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंची) ट्यूब किंवा बाटली उंचावरून पडून फुटली असेल, विशेषतः क्षयरोगाच्या जंतूंची, तर प्रश्न मायक्रोस्कोपचा राहत नाही, हवेचा होतो. अशा वेळी श्वास रोखून बाहेर पडा, सगळ्यांना बाहेर काढा, दार बंद करा, दारावर सूचना लावा आणि हवेतले बारीक तुषार खाली बसेपर्यंत, म्हणजे किमान ३० मिनिटं, आत जाऊ नका. नंतरची सफाई अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करायची. स्टेजवर पडलेल्या एखाद्या थेंबासाठी एवढं करावं लागत नाही, पण दोन्हींतला फरक नव्या माणसाला पहिल्या दिवशीच माहीत हवा.

आता वीज. ग्लोव्ह्ज खराब झाले असतील तर बदला, मग स्विच बंद करून प्लग काढा. नुसता मायक्रोस्कोपवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग लावलेला असेपर्यंत आतल्या भागात वीज असतेच, आणि बेसमध्ये पाणी उतरलं असेल तर तिचा धोका असतो. दिवा हॅलोजनचा असेल तर तो थंड होऊ द्या. पुढे आपण अल्कोहोल वापरणार आहोत आणि ७० टक्के अल्कोहोलची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला सॅम्पलचा पातळ थर) फिक्स करायला, म्हणजे काचेला पक्का चिकटवायला, लावलेला स्पिरिटचा दिवा किंवा बर्नर शेजारी जळत असेल तर तो आधी विझवा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

काय सांडलंय, ते ठरवा

सफाईची रीत सॅम्पलवर ठरते, म्हणून एक मिनिट थांबून हे नक्की करा. रक्त, थुंकी, शौच, वीर्य, जिवंत कल्चर हे सगळं संसर्गजन्य समजूनच हाताळायचं, रुग्णाचा रिपोर्ट काहीही असो.

वाळलेल्या डागाबद्दल एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे: वाळला म्हणजे जंतू मेले. हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर किमान ७ दिवस संसर्ग करण्याच्या स्थितीत राहू शकतो. म्हणजे स्टेजच्या क्लिपखाली मागच्या आठवड्यातला तपकिरी ठिपका दिसला, तर तोही आजच्या थेंबाइतक्याच काळजीनं काढायचा. ज्योतीवर फिक्स केलेल्या स्मिअरचंही तसंच. उष्णतेनं फिक्स केल्यानं सगळे जंतू मरतीलच याची खात्री नसते.

रसायनाकडेही बघा. बुरशीच्या तपासणीसाठी वापरतात ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड तीव्र अल्कली आहे. ते लेन्सच्या काचेवरच्या पातळ थराला आणि धातूला खातं, त्यामुळे ते जितका वेळ राहील तितकं नुकसान वाढतं. सलाइन आणि कल्चर मीडियममधलं (जंतू किंवा पेशी वाढवायच्या पोषक द्रवातलं) मीठ वाळल्यावर स्फटिक होऊन बसतं. असा वाळका डाग कोरडा घासला की ते स्फटिक लेन्सवर चरे पाडतात. क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिलीन ब्लूचा डाग स्टेजवर राहिला तर तो फक्त दिसायला वाईट. तो घालवण्यासाठी रंग निघेपर्यंत घासू नका.

जंतुनाशक: कोणतं, किती, किती वेळ

मायक्रोस्कोपसाठी रोजचं जंतुनाशक म्हणजे ७० टक्के इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. शुद्ध अल्कोहोल जास्त प्रभावी असेल असं वाटतं, पण तसं नाही. जंतूंची प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते, आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. ७० टक्के अल्कोहोल नेहमीचे जिवाणू, क्षयरोगाचे जंतू आणि एचआयव्हीसारखे बाहेरून मेदाचं आवरण असलेले विषाणू मारतं. जिवाणूंच्या बीजाणूंवर (त्यांच्या टणक, सुप्त रूपांवर) मात्र ते चालत नाही. आवरण नसलेल्या विषाणूंवर, उदाहरणार्थ नोरोव्हायरसवर, त्याचा भरवसा धरता येत नाही.

अल्कोहोलचा खरा प्रश्न वेळेचा आहे. एकदा पुसलं की ते मिनिटभरात उडतं, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंतच जंतुनाशक काम करतं. म्हणून नुसतं पुसून पुढे जाऊ नका. अल्कोहोलनं भिजवलेल्या गॉझची घडी डागावर ठेवून द्या आणि ती सुकायला लागली की बदला.

दुसरं औषध सोडियम हायपोक्लोराइट. लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं हायपो म्हणतात. रक्त किंवा बरंच सेंद्रिय द्रव्य सांडलं असेल तर ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, आणि १० मिनिटांचा संपर्क हे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरलं जातं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग हायपो आणि ९ भाग पाणी. १० टक्के लिहिलं असेल तर १ भागाला १९ भाग पाणी. बाटलीवरचा आकडा न वाचता अंदाजानं पाणी घालणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि त्यात द्रावण एकतर निरुपयोगी होतं नाहीतर धातू खाऊन टाकतं. द्रावण रोज ताजं करा. पातळ केलेलं हायपो उजेडात आणि उष्णतेत झपाट्यानं निकामी होतं.

हायपो धातूला गंजवतो. तो स्टेजवर, बेसवर, टेबलावर गरजेपुरता वापरा, वेळ संपली की पाण्यानं ओल्या केलेल्या कापडानं दोनदा पुसा आणि मग अल्कोहोलनं पुसा. लेन्सवर, स्टेजच्या दातेरी पट्टीवर आणि कंडेन्सरच्या (स्टेजखाली प्रकाश एकवटणाऱ्या भागाच्या) यंत्रणेत हायपो कधीही नाही.

काही गोष्टी हायपोशी एकत्र यायलाच नकोत. आम्लाशी मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशी मिसळला तर क्लोरामाइन वायू तयार होतात, म्हणून लघवी जास्त सांडली असेल तर ती आधी शोषून घ्या, तिच्यावर थेट हायपो ओतू नका. आरएनए वेगळं काढण्याच्या किटमधल्या बफरमध्ये बहुधा ग्वानिडीन थायोसायनेट असतं. त्यावर हायपो पडला तर विषारी वायू निघतात. अल्कोहोल आणि हायपोही एकत्र करायचे नाहीत. एकानंतर दुसरं वापरायचं असेल तर मध्ये पाण्यानं पुसलंच पाहिजे.

बीजाणू तयार करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर सांडलं असेल तर अल्कोहोलवर विसंबू नका. बाहेरच्या भागांसाठी हायपो किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचं बीजाणूनाशक लागतं, आणि लेन्सचं काय करायचं हे वरिष्ठांना आणि मायक्रोस्कोपच्या कंपनीला विचारूनच ठरवायचं.

हाताशी ठेवायचं सामान

हे सगळं मायक्रोस्कोपच्या खोलीतच एका डब्यात असावं, कारण सांडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज (दोन जोड घाला, वरचा खराब झाला की काढता येतो), गॉगल, मास्क, गॉझ किंवा शोषून घेणारा कागद, ७० टक्के अल्कोहोलची बाटली, डिस्टिल्ड वॉटर, सौम्य डिटर्जंट, लाकडी काडीवर गुंडाळलेला स्वच्छ कापूस, चिमटा, धारदार वस्तूंचा डबा, जैविक कचऱ्याची पिशवी. आणि लेन्स पेपर, भरपूर.

लेन्स पेपरऐवजी चेहरा पुसायचा टिश्यू, पेपर टॉवेल, कोटाची बाही किंवा रुमाल यांतलं काहीही लेन्सला लावायचं नाही. टिश्यूमधले लाकडी तंतू लेन्सवरच्या परावर्तनरोधक थराला चरे पाडतात. लेन्स पेपर महाग वाटला तरी ऑब्जेक्टिव्ह त्याच्या कितीतरी पट महाग असतो.

द्रव कुठून कुठे गेलं

पुसायला सुरुवात करण्याआधी हे शोधा. सगळ्या सफाईतला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि हाच बहुतेक जण गाळतात. वरून दिसणारा थेंब पुसला जातो आणि खाली उतरलेला तसाच राहतो.

आधी स्टेज पूर्ण खाली घ्या, मग नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह लावलेली फिरती चकती) फिरवून सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्ह मध्ये आणा. हा क्रम उलटा केला तर फिरवताना १००एक्स त्या ओल्या स्लाइडवरून घासत जातो. मग स्लाइड चिमट्यानं उचलून कचऱ्यात किंवा ट्रेमध्ये ठेवा. स्लाइड फुटली असेल तर ग्लोव्ह घातलेल्या हातानंही तुकडे उचलायचे नाहीत. ग्लोव्ह काचेला अडवत नाही. चिमट्यानं उचला आणि धारदार वस्तूंच्या डब्यात टाका. कव्हरस्लिपचे बारीक कण ओल्या गॉझनं टिपून घ्या.

आता टॉर्च घेऊन वरून खाली बघत जा. स्टेजचा पृष्ठभाग, स्लाइड धरणाऱ्या क्लिपची खालची बाजू, स्टेज सरकवणारी पट्टी. मग स्टेजच्या मधलं छिद्र, कारण द्रव तिथून उतरतं. त्याच्या बरोबर खाली कंडेन्सरची वरची लेन्स असते, तिच्या खाली प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या आयरिस डायफ्रामच्या पातळ पात्या, आणि सगळ्यात खाली बेसमधली, जिथून प्रकाश येतो ती काच. पात्यांमध्ये किंवा बेसच्या आत द्रव शिरलेलं दिसलं तर बाहेरून पुसण्यापुरतंच तुमचं काम. पात्या उघडझाप करून बघू नका आणि प्लग लावू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

वरच्या बाजूला ऑब्जेक्टिव्हची टोकं बघा. ४०एक्सकडे विशेष लक्ष द्या. फोकसमध्ये असताना ४०एक्स आणि स्लाइड यांच्यात साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचंच अंतर असतं, आणि नवा माणूस ओल्या माउंटवर (द्रवातल्या सॅम्पलच्या स्लाइडवर) बहुतेक वेळ तोच वापरतो. त्यामुळे सॅम्पल लागतं ते यालाच. १००एक्स त्याहूनही जवळ जातो, पण त्याच्या टोकावर तेल असेल हे गृहीत धरून लोक तो पुसतात तरी. ४०एक्स कोरडा समजून तसाच सोडला जातो आणि आठवड्यानं "या मायक्रोस्कोपमध्ये धूसर दिसतं" अशी तक्रार येते.

स्टेज आणि बाहेरचे भाग

जंतुनाशकात भिजवून किंचित पिळलेला गॉझ डागावर ठेवा. तो द्रव शोषतोही आणि निर्जंतुकही करतो. जंतुनाशक नेहमी गॉझवर घ्यायचं, यंत्रावर नाही. गॉझमधून पाणी टपकत असेल तर तो जास्त ओला आहे. अल्कोहोल असेल तर सुकू न देता दोन-तीन वेळा बदला, हायपो असेल तर १० मिनिटं ठेवा.

मग गॉझ डागाच्या कडेकडून मध्याकडे आणत उचला. उलट केलं तर डाग पसरतो. एका गॉझनं एकदाच. मागेपुढे घासत राहू नका. त्यानंतर डिटर्जंटच्या पाण्यानं ओलं केलेलं कापड फिरवा. अल्कोहोल रक्तातली प्रथिनं गोठवून पृष्ठभागाला चिकटवतं, आणि ती चिकटलेली पातळ साय डिटर्जंटनंच निघते. मग साधं पाणी, मग पुन्हा एकदा ७० टक्के अल्कोहोल, आणि कोरडं कापड.

स्टेज सरकवणाऱ्या दातेरी पट्टीत आणि खाचांमध्ये ग्रीस असतं. तिथे अल्कोहोलनं जपून ओला केलेला कापसाचा बोळा वापरा. जास्त अल्कोहोल घातलंत तर ग्रीस धुऊन निघतं आणि स्टेज अडकत सरकायला लागतो. तसं झालं तर हाताशी असलेलं कुठलंही तेल टाकू नका. मायक्रोस्कोपचं ग्रीस वेगळं असतं.

ॲसिटोन कुठेच वापरू नका. रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळतं.

लेन्स

इथे घाई करू नका. एक-दोन सवयी आधी मोडाव्या लागतील.

पहिली, लेन्सवर तोंडानं वाफ सोडून पुसण्याची. सॅम्पल लागलेल्या लेन्सजवळ तोंड नेणं म्हणजे जंतूंजवळ तोंड नेणं. दुसरी, रबरी ब्लोअरनं धूळ उडवण्याची. एरवी लेन्स साफ करताना ब्लोअर आधी वापरणं योग्यच, पण सॅम्पल सांडल्यावर तो ओले तुषार आणि वाळके कण हवेत उडवतो. निर्जंतुकीकरण होईपर्यंत ब्लोअर बाजूला. कॅनमधली दाबाखालची हवा तर लेन्सवर नकोच. तिच्यातला प्रणोदक (हवा बाहेर ढकलणारा वायू) काचेवर डाग सोडतो.

ऑब्जेक्टिव्ह नोजपीसवरच, तोंड खाली असताना साफ करायला घ्या. तोंड वर करून धरला तर द्रव पुढच्या लेन्सच्या कडेनं आत झिरपतं.

लेन्सवर ओला थेंब असेल तर लेन्स पेपरचा कोपरा त्याला नुसता टेकवा. थेंब कागदात ओढला जाईल, घासण्याची गरज नाही. डाग वाळला असेल तर डिस्टिल्ड वॉटरनं ओला केलेला लेन्स पेपर किंवा कापूस त्यावर थोडा वेळ धरून डाग मऊ होऊ द्या, आणि हा कापूस संसर्गजन्य समजून लगेच कचऱ्यात टाका. पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा मिठाचं द्रव असेल तर पाण्याची ही पायरी दोन-तीनदा करा, प्रत्येक वेळी नव्या कागदानं.

मग लेन्स पेपरची घडी करा, तिच्यावर ७० टक्के अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घ्या, जादाचं झटकून टाका आणि ती लेन्सवर हलकेच टेकवून धरा. सुकली की नवी घडी. असं एक-दोन मिनिटं लेन्स ओलसर राहील असं बघा. बहुतेक आधुनिक ऑब्जेक्टिव्हना एवढा थोडका वेळ अल्कोहोल चालतं. जुन्या लेन्समध्ये काच चिकटवण्याचं सिमेंट अल्कोहोल आणि झायलीननं सैल पडू शकतं, म्हणून जुन्या मायक्रोस्कोपच्या बाबतीत माहितीपुस्तिका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑब्जेक्टिव्हची धातूची नळी अल्कोहोलच्या गॉझनं वेगळी पुसा. ४०एक्स आणि १००एक्सचं स्प्रिंगवर आत जाणारं टोक असतं. त्याच्या भोवतीच्या फटीत कापसाची ओलसर काडी फिरवा.

शेवटी पुसण्यासाठी नवा लेन्स पेपर, मध्यापासून बाहेरच्या दिशेनं गोल फिरवत, जवळजवळ वजन न देता. प्रत्येक वेळी कागदाची नवी बाजू. बोटानं दाबून घासायचं नाही.

सॅम्पलमध्ये इमर्शन ऑइल (१००एक्ससाठी स्लाइडवर घालायचं तेल) मिसळलं असेल तर क्रम असा: आधी कोरड्या लेन्स पेपरनं तेल टिपा, मग अल्कोहोलनं निर्जंतुक करा, आणि तेलाची उरलेली साय कंपनीनं सांगितलेल्या द्रावणानं काढा. पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण यासाठी वापरतात. ही द्रावणं फार ज्वालाग्राही असतात, म्हणून थोडीच घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. झायलीननं तेल झटकन निघतं म्हणून ते अजूनही काही लॅबमध्ये सर्रास वापरतात. माझं मत स्पष्ट आहे: नव्या माणसानं ते हातात घेऊ नये. लेन्सच्या सिमेंटला धोका आणि श्वासालाही.

कंडेन्सरची वरची लेन्स अशाच पद्धतीनं, पण ती वर तोंड करून असते, म्हणून कागद आणखी कमी ओला हवा. कंडेन्सर सहज निघत असेल आणि तुम्हाला तो काढायला शिकवलेलं असेल तर काढून पुसणं उत्तम.

ऑब्जेक्टिव्हच्या आत, आयपीसच्या (डोळा लावायच्या लेन्सच्या) नळीत, प्रिझमला हात घालायचा नाही. मायक्रोस्कोप किंवा त्याचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकायचे नाहीत आणि जंतुनाशकात बुडवून ठेवायचे नाहीत.

आयपीस आणि नॉब

सांडलं खाली, तरी हात सगळीकडे लागलेले असतात. फोकसचे नॉब, उजेडाचा स्विच, स्टेजचे नॉब अल्कोहोलच्या गॉझनं पुसा. आयपीसची रबरी कडा डोळ्याला टेकते. ती पुसताना अल्कोहोल काचेवर ओघळू देऊ नका. रबरी कप निघत असतील तर काढून साबणाच्या पाण्यानं धुवा. डोळे येण्याची साथ पसरवणारे ॲडेनोव्हायरस अल्कोहोलला सहज दाद देत नाहीत, म्हणून डोळे आलेल्या माणसानं सामायिक मायक्रोस्कोपवर बसूच नये.

इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप असेल तर

इथे ऑब्जेक्टिव्ह खाली आणि तोंड वर करून असतो, त्यामुळे सांडलेलं मीडियम थेट लेन्सवर आणि तिथून नोजपीसमध्ये उतरतं. वेळ कमी असतो. प्लग काढा, फ्लास्क किंवा प्लेट उचला, स्टेजवरचं द्रव ताबडतोब गॉझनं शोषून घ्या आणि स्टेजच्या मधली काढता येणारी तबकडी काढा. द्रव ऑब्जेक्टिव्हवर दिसलं तर तो अल्कोहोलच्या गॉझनं धरून फिरवून काढा, तोंड खाली करून ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे साफ करा. ऑब्जेक्टिव्ह काढलेल्या छिद्रात टॉर्चनं बघा. आत ओल दिसली तर तिथेच थांबा. छिद्रावर धूळ जाऊ नये म्हणून टोपण लावा आणि तंत्रज्ञाला बोलवा. साखर आणि प्रथिनांनी भरलेलं मीडियम आत राहिलं तर त्यावर बुरशी वाढते.

फ्लुओरेसन्सचे फिल्टर आणि त्यांच्यामधला तिरका आरसा कधीही पुसायला घेऊ नका. त्यांच्यावरचा थर बोटाच्या स्पर्शानंही खराब होतो.

साफ झालं का, ते बघणं

सगळं पूर्ण कोरडं झाल्यावरच प्लग लावा. एक स्वच्छ कोरी स्लाइड ठेवून १०एक्सवर बघा. डाग दिसला तर तो कुठे आहे हे शोधायची सोपी रीत आहे. आयपीस हातानं फिरवा. डागही फिरला तर तो आयपीसवर आहे. स्लाइड सरकवा, डाग सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर किंचित वरखाली करा. डाग स्पष्ट-अस्पष्ट झाला तर तो कंडेन्सरवर किंवा बेसच्या काचेवर. ऑब्जेक्टिव्हवरची घाण सहसा ठिपक्यासारखी दिसत नाही. तिच्यामुळे पूर्ण चित्र धुरकट होतं आणि ऑब्जेक्टिव्ह बदलला की धुरकटपणा जातो. तसं आढळलं तर निर्जंतुक केलेला ऑब्जेक्टिव्ह काढून हातात घ्या आणि आयपीस उलटा धरून, म्हणजे त्याची डोळ्याची बाजू ऑब्जेक्टिव्हकडे करून, भिंगासारखा वापरा. पुढच्या लेन्सवरची साय, चरा किंवा तेल लगेच दिसतं.

सफाईत कंडेन्सर हलला असेल तर त्याचं केंद्र पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर उजेड एका बाजूला झुकलेला दिसेल आणि दोष लेन्सला दिला जाईल.

कचरा, हात आणि नोंद

वापरलेले गॉझ, लेन्स पेपर, कापूस आणि वरचे ग्लोव्ह्ज जैविक कचऱ्याच्या पिशवीत. काच धारदार वस्तूंच्या डब्यात. टेबल जंतुनाशकानं पुसा. ग्लोव्ह्ज बाहेरची बाजू आत येईल असे उलटे काढा, शेवटी साबण-पाण्यानं हात धुवा. गॉगल धुऊन ठेवा. कोटावर सॅम्पल उडालं असेल तर तो घरी न्यायचा नाही.

मायक्रोस्कोप आच्छादन घालण्याआधी थोडा वेळ उघडा राहू द्या; ओलावा आत कोंडला तर लेन्सवर बुरशी येते आणि तिचे धागे काचेवर कायमचे व्रण सोडतात. दमट हवेत कपाटात सिलिका जेल ठेवा.

मग नोंदवहीत लिहा: तारीख, वेळ, कोणता मायक्रोस्कोप, काय सांडलं, कुठपर्यंत गेलं, कोणतं जंतुनाशक किती वेळ वापरलं, कोणी साफ केलं, काय शिल्लक राहिलं. दुरुस्तीला पाठवायचा असेल तर ही नोंद आणि निर्जंतुक केल्याचं सही केलेलं प्रमाणपत्र यंत्रासोबत द्या. आत शिरलेलं द्रव तुम्ही निर्जंतुक करू शकला नसाल तर तेही त्या कागदावर ठळक लिहा, म्हणजे यंत्र खोलणारा तंत्रज्ञ पहिला स्क्रू काढण्याआधी ग्लोव्ह्ज घालेल.